रात्री दीडनंतर परतायची खोली : मुंबईत पब-बारच्या वस्तीजवळ छोटं, शांत हॉटेल कसं निवडावं

मुंबईत बार आणि पब रात्री दीडला बंद होतात. चर्चगेटहून शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते, सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याकडे जाणारी त्याच्याही बरीच आधी. पहिली गाडी पहाटे चारनंतर. डोंबिवली, विरार, पनवेलहून किंवा थेट पुण्याहून आलेल्या माणसाची सगळी अडचण या मधल्या तीन तासांत आहे. स्वतःची गाडी असली तर ती आणखी वाढते. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शनिवारी रात्री नाकाबंदी कुठेही लागते. तेव्हा खोली घेणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. प्रश्न उरतो तो कोणती आणि कुठे.

बहुतेक लोक खोली निवडतात ती दुपारच्या डोळ्यांनी. चादर पांढरी आहे, बाथरूम नवं आहे, पब समोरच आहे, झालं. पण ती खोली तुम्ही वापरणार आहात रात्री दीड ते सकाळी दहा. म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच वेळेला धरून तपासा : तेव्हा रस्ता कसा असेल, दार कोण उघडेल, लिफ्ट चालेल का, शेजारी काय वाजत असेल, पाणी गरम येईल का.

आधी अंतर ठरवा

पबच्या अगदी डोक्यावर किंवा समोर खोली घेऊ नका. नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे गच्चीवरचा डीजे दहाला थांबतो किंवा आत जातो. खरा गोंगाट असतो सव्वा ते सव्वादोनच्या दरम्यान, रस्त्यावर. सगळी गर्दी एकदम बाहेर पडते, वॅले पार्किंगवाले गाड्या आणतात, रिक्षा-टॅक्सीवाले हॉर्न देतात, निरोप घेणारे घोळके अर्धा तास फुटपाथवर उभे असतात. त्यानंतर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट उचलले जातात, तो आवाज बंद खिडकीतूनही येतो.

चालत सहा ते दहा मिनिटं, म्हणजे साधारण ५०० ते ८०० मीटर, हे उत्तम अंतर. मुख्य रस्त्यापासून एक वळण आत, पण दुसरं वळण नको. एका वळणाने आवाज तुटतो. दोन वळणं आत गेलं की रस्ता निर्मनुष्य होतो आणि रात्री दीडला तेच नको असतं. परतीच्या वाटेवर निदान एक मेडिकल, एटीएम किंवा रात्रपाळीचा वॉचमन असलेली इमारत असावी. एकट्या बाईने किंवा मुलींच्या गटाने तर या गोष्टीला खोलीच्या रंगरूपापेक्षा कितीतरी जास्त मोल द्यावं.

भाग : कुठे काय मिळतं

छोटं, गाजावाजा नसलेलं हॉटेल आणि चालत जाण्याइतकी जवळची रात्र, हे दोन्ही एकत्र मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे कुलाबा. जुन्या दगडी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर इथे दहा-पंधरा खोल्यांची हॉटेलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. खाली दुकान, बाजूला अरुंद जिना, दारावर हातभर पाटी. बाहेरून पाहणाऱ्याला तुम्ही हॉटेलात शिरलात की कुणाच्या घरी, हेही कळत नाही. कॉजवे म्हणजे शहीद भगतसिंग मार्ग हा कणा. रीगल सिनेमाकडचं टोक, लिओपोल्ड आणि माँडेगार या कॅफेंचा पट्टा आणि ताजच्या मागची टुलॉक रोड-मेरीवेदर रोडची बाजू उशिरापर्यंत जागी असते. तिथून दक्षिणेकडे, आर्थर बंदर रोड, गार्डन रोड, हेन्री रोड, वॉल्टन रोड या आडव्या गल्ल्यांत शोधा. कॉजवेवरच तोंड असलेली खोली मात्र टाळा. फेरीवाले उठल्यावरही तिथे बसगाड्या आणि टॅक्सी चालूच असतात.

फार दक्षिणेकडेही जाऊ नका. ससून डॉकला पहाटेच मासळीचा लिलाव सुरू होतो. अंधारातच टेम्पो येऊ लागतात, बर्फ फोडला जातो, आणि वारा त्या बाजूचा असला की वास खोलीत येतो. ज्याला दहापर्यंत झोपायचंय त्याने डॉकच्या गेटपासून चांगलं अंतर ठेवावं.

कुलाब्याची दोन खास गोम लक्षात घ्या. एक, एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळी हॉटेलं असतात, कधी नावंही सारखी वाटतात. बुकिंग तिसऱ्या मजल्याचं आणि सामान ठेवलं दुसऱ्यावर, असं सहज होतं. फुटपाथवर भेटणारा दलाल तर मुद्दामच चुकीच्या मजल्यावर नेतो. पत्त्यात मजला लिहून घ्या. दोन, लिफ्ट. जाळीच्या सरकत्या दाराच्या जुन्या लिफ्टचं एखाद्या मजल्यावर दार नीट लागलं नाही की ती हलत नाही, आणि लिफ्टमनची पाळी रात्री संपलेली असते. चौथा मजला असेल तर ‘रात्री लिफ्ट चालू असते का’ हे विचाराच. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका.

वांद्रे आणि खारमध्ये चित्र उलटं आहे. रात्र भरपूर, छोटी हॉटेलं कमी. पाली नाका, वरोडा रोड, कार्टर रोड, लिंकिंग रोडच्या आसपास बसायच्या जागा चिक्कार, पण वस्ती राहत्या घरांची. त्यामुळे ‘गेस्ट हाउस’ म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा एखाद्या सोसायटीतला फ्लॅट असतो. तिथे वॉचमन नाव विचारतो, रजिस्टरमध्ये कुठल्या फ्लॅटला चाललात ते लिहायला लावतो, आणि रात्री दीडला गेटवर आवाज झाला की सकाळी सोसायटीची तक्रार येते. ज्याला गाजावाजा नको त्याच्यासाठी ही सर्वांत वाईट जागा. इथे खार स्टेशन आणि एस. व्ही. रोडच्या बाजूची, पाटी आणि रिसेप्शन असलेली खरी हॉटेलं बघा आणि पाली नाक्यापर्यंत रिक्षा धरा. माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. त्या दिवसांत हिल रोड माणसांनी भरलेला असतो आणि वाहनांची वळवावळव होते.

लोअर परळला कमला मिल, तोडी मिल अशा गिरण्यांच्या आवारांत रात्र दाटीवाटीने भरली आहे, पण आजूबाजूला एकतर मोठी महागडी हॉटेलं आहेत किंवा काहीच नाही. लोक मग परळ-दादरचं लॉज घेतात. त्यात दोन गोष्टी आड येतात. परळचे पुष्कळ लॉज केईएम, टाटा, वाडिया रुग्णालयांत आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. ती माणसं दिवसभर रांगेत उभी राहून रात्री लवकर पडलेली असतात. तिथे दीडला हसत-खिदळत येणं माणुसकीला धरून नाही, आणि व्यवस्थापकही ते चालू देत नाही. दुसरं, प्रभादेवीचा रुळांवरचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. नकाशावर सरळ रेषेत एक किलोमीटर दिसणाऱ्या अंतराला टॅक्सी टिळक पुलावरून किंवा करी रोडकडून वळसा घेते. म्हणून लोअर परळसाठी खोली रुळांच्या पश्चिमेलाच बघा, वरळी नाका ते दादर पश्चिम या पट्ट्यात.

अंधेरीत खोल्यांची रेलचेल आहे, पण ती पूर्वेला, विमानतळामुळे : मरोळ, साकीनाका, सहार रोड. आणि रात्र पश्चिमेला : वीरा देसाई रोड, ओशिवरा, न्यू लिंक रोड. मध्ये रेल्वे. पावसाळ्यात अंधेरी सबवे पाण्याखाली गेला की तो बंदच करतात आणि सगळी वाहनं गोखले पुलावर येतात. जून ते सप्टेंबर पश्चिमेचीच खोली घ्या, दोन-पाचशे रुपये जास्त पडले तरी.

मेट्रोच्या भरवशावर जागा निवडू नका. रात्री साडेदहा-अकरानंतर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. रिक्षा वांद्रे-माहीमच्या दक्षिणेला येतच नाही, तिथे टॅक्सीच. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर २५ टक्के जास्त आकारतात आणि तो अधिकृत दर आहे, त्यावरून वाद घालू नका. फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरपर्यंत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ३१ आणि रिक्षाला २६ रुपये होतात. इतक्या जवळचं भाडं दीड वाजता नाकारलं जातं, हा रोजचा अनुभव. चालत जाता येईल अशी खोली घ्यायचं हे आणखी एक कारण.

फोटोंवरून काय कळतं

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की आधी जेवण आठवतं. राहायच्या जागेच्या पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ किंवा ‘रेसिडेन्सी’ असतं. ऑनलाइन शोधताना नुसतं ‘हॉटेल’ टाकलंत तर निम्मी चांगली छोटी ठिकाणं हुकतात. लॉज, गेस्ट हाउस, रेसिडेन्सी हे तिन्ही शब्द टाकून पाहा.

खोलीचा फोटो रुंद भिंगाने काढलेला असतो. कडेचा दरवाजा ताणल्यासारखा दिसला, छताचा पंखा लंबगोल दिसला, की समजा खोली दिसते तेवढी नाही. फरशा मोजा. सध्याच्या चकचकीत फरशा बहुधा दोन फूट बाय दोन फुटांच्या असतात. एका बाजूने पाच आणि दुसऱ्या बाजूने सहा मोजता आल्या तर खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. कुलाब्यात ही चांगली खोली. पाच फुटी पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभं राहण्याइतकी जागा दिसत नसेल तर दोघांनी बॅगा घेऊन तिथे राहणं कठीण.

फोटोत पडदा आहे पण कुठल्याच फोटोत तो उघडलेला नाही? त्या पडद्यामागे खिडकी नसण्याची शक्यता मोठी. दक्षिण मुंबईत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकल्या जातात. झोपेला त्या वाईट नसतात, अंधार आणि शांतता दोन्ही मिळतं. पण पावसाळ्यात त्यात बुरशीचा वास धरतो आणि वीज गेली की जीव गुदमरतो.

लोकांचे अभिप्राय वाचताना तारे बघू नका, शब्द शोधा : रात्र, आवाज, वॉचमन, गरम पाणी, वास, आधार. गेल्या सहा महिन्यांतलेच वाचा. छोट्या जागेत व्यवस्थापक बदलला की सगळंच बदलतं.

फोन करा, आणि हे विचारा

बुकिंग कुठूनही करा, पण आधी थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा, तोही रात्री अकरानंतर. दिवसाचा माणूस गोड बोलतो. रात्री फोन उचलणाराच तुम्हाला दीडला दार उघडणार आहे. त्याने तो उचललाच नाही, तर उत्तर मिळालं.

पहिला प्रश्न : ‘रात्री दीड-दोनला परत आलो तर दार कोण उघडतं?’ ‘वॉचमन असतो, बेल वाजवा’ हे उत्तर चांगलं. ‘बाराला शटर खाली, पण फोन करा’ हे चालेल, फोनची बॅटरी सांभाळावी लागेल. ‘इतक्या उशिरा नको’ असं म्हणाला तर आभार मानून दुसरीकडे बघा, तिथे भांडून घेतलेल्या खोलीत सुख नाही.

दुसरा : ‘चेकआउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा?’ जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत अजून आहे : संध्याकाळी सहाला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सहापर्यंत तुमची. उशिरा झोपणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. बाराचा असेल तर अकरापासून फोन वाजू लागतो. त्याच वेळी विचारा की एक-दोन तास जास्त राहिल्यास किती.

तिसरा : ‘खोली रस्त्याच्या बाजूची की मागची, आणि खाली काय आहे?’ मागच्या बाजूला स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा, जनरेटर किंवा पाण्याचा पंप असेल तर रस्ता परवडला. मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं आणि अनेक इमारतींत ती वेळ भल्या पहाटेची. तेव्हा टाकीत पाणी चढवायला पंप सुरू होतो. पंपाच्या शेजारची तळमजल्याची खोली आणि टाकीच्या खालची सर्वांत वरची, दोन्ही नकोत. मधला मजला, मागची बाजू, जिन्यापासून दोन दारं लांब, अशीच मागा.

चौथा, ओळखपत्राचा. तो जरा सविस्तर बघायला हवा.

ओळखपत्र, जोडपी आणि खासगीपण

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं छायाचित्र आणि पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं : आधार, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. दोघांपैकी एकाचंच आणलं की दारातून परत जावं लागतं, आणि हे सर्वांत जास्त घडतं ते रात्री. परदेशी पासपोर्ट असलेला कुणी सोबत असेल, उदाहरणार्थ सुट्टीत आलेला अमेरिकेतला भाचा, तर हॉटेलला चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरावा लागतो. बरीच छोटी लॉज ती नोंदणीच करत नाहीत आणि अशा पाहुण्याला खोली देत नाहीत. आधी विचारलंत तर ताटकळणं टळतं.

अविवाहित पण सज्ञान जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कायदा भारतात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. समलिंगी जोडप्यांवरची टांगती तलवार सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केली. तरीही हॉटेल आपला नियम लावू शकतं, आणि मुंबईत सर्वांत नडणारा नियम म्हणजे ‘लोकल आयडी चालत नाही’. ओळखपत्रावर मुंबई-ठाण्याचा पत्ता असेल तर खोली नाकारायची. यामागे भीती आहे ती पोलिसांच्या तपासणीची. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसएक जोडप्यांवर कारवाई केली होती. त्यावर टीकेची झोड उठली, चौकशीही झाली, पण लॉजमालकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही.

म्हणून फोनवर आडपडदा न ठेवता विचारा : ‘आम्ही दोघं आहोत, लग्न झालेलं नाही, आधारवर डोंबिवलीचा पत्ता आहे. खोली मिळेल ना?’ लाजून हा प्रश्न टाळणाऱ्यावरच रात्री रिसेप्शनपुढे चार लोकांदेखत तो ऐकायची वेळ येते. ‘हो’ म्हणाले तर बोलणाऱ्याचं नाव टिपा आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळींत तेच लिहून घ्या. ज्याला खासगीपण हवं त्याने नेमकं इथेच स्पष्ट बोलावं.

खोटं नाव किंवा दुसऱ्याचं ओळखपत्र कधीही देऊ नका. हॉटेलचं रजिस्टर पोलिसांनी मागितलं की दाखवावं लागतं, आणि खोट्या नोंदीमुळे साध्या मुक्कामाचा गुन्हा होतो. नीट चालवलेल्या हॉटेलचं खासगीपण रजिस्टरबाहेरचं असतं. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तो उतरवता येतो आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा : ‘केवळ अमुक हॉटेल, अमुक तारखेच्या मुक्कामासाठी’. रिसेप्शनच्या माणसाला स्वतःच्या फोनवर तुमच्या कार्डाचा फोटो काढू देऊ नका, हॉटेलचा स्कॅनर किंवा कागदच मागा. यूपीआयने पैसे दिले तर खात्यात हॉटेलचं नव्हे, बहुधा मालकाच्या फर्मचं नाव दिसतं. ते कोणतं ते देण्याआधी पडद्यावर वाचा. घरच्यांशी सामाईक खातं किंवा सामाईक ईमेल असेल तर बुकिंगची सूचना तिथेही जाते, हे अनेकांना उशिरा लक्षात येतं.

जागा पाहताना प्रवेश कसा आहे ते बघा. रिसेप्शन पहिल्या मजल्यावर, रस्त्यावरून न दिसणारं असेल तर उत्तम. परमिट रूमच्या आतून जिना जात असेल तर नको. बारमधल्या सगळ्यांना तुमची ये-जा दिसते, आणि एकट्या बाईला तो रस्ता रात्री त्रासाचा होतो. पाहुणे खोलीत येऊ शकतात का, किती वाजेपर्यंत, हेही आधीच विचारा. बहुतेक छोटी हॉटेलं रात्री दहानंतर येऊ देत नाहीत किंवा त्यांचीही नोंद मागतात.

खोली ताब्यात घेताना पहिली दहा मिनिटं

पैसे देण्याआधी खोली बघायला मागा. कुठलंही बरं हॉटेल नाही म्हणत नाही.

भिंतीवर बोटाच्या पेराने ठोका. भरीव आवाज आला तर विटेची, पोकळ घुमला तर प्लायवूडची. एका मोठ्या खोलीच्या प्लाय टाकून दोन केलेल्या असल्या तर शेजारची कुजबुज ऐकू येते, तुमचीही तिकडे जाते. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर त्याला तुमच्या बाजूने कडी हवी. बाथरूमची झडप डक्टमध्ये उघडत असेल तर नाक लावून बघा. खालच्या स्वयंपाकघराचा वास आणि वरच्या-खालच्या बाथरूममधलं बोलणं तिथूनच येतं.

एसी लावून पाच मिनिटं थांबा. जुना विंडो एसी घरघरतो, पण ती एकसुरी घरघर बाहेरचे तुटक आवाज झाकते. झोप चाळवणाऱ्याला तो मुक्या स्प्लिट एसीपेक्षा बरा. दर अर्ध्या मिनिटाला खडखडून बंद-चालू होत असेल तर खोली बदला. गीझर खोलीत आहे की गरम पाणी वरून येतं? वरून येत असेल तर अनेकदा ते फक्त सकाळी ठरावीक तीन-चार तास. उशी उचलून वास घ्या, गादीचा कोपरा उलटा करून शिवणीत काळे ठिपके दिसतात का बघा. ते ढेकणांचे. ते दिसले की चादर बदलून भागत नाही, खोलीच बदलावी लागते.

दाराला आतून कडी आणि साखळी दोन्ही हव्यात, कारण दुसरी किल्ली रिसेप्शनला असतेच. लपवलेला कॅमेरा शोधायला दिवे घालवून फोनचा टॉर्च हळूहळू फिरवा. पलंग आणि बाथरूमकडे तोंड असलेला स्मोक डिटेक्टर, भिंतीवरचं घड्याळ, सेटटॉप बॉक्स, विनाकारण लावलेला चार्जर, यांत भिंगाचा बारीक ठिपका चमकतो का ते बघा. संशय आला तर हात लावू नका, फोटो काढा, खोलीबाहेर या आणि ११२ ला फोन करा. खासगी क्षणी बाईचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. महिलांसाठी मुंबई पोलिसांचा १०३ हा क्रमांकही आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे जवळजवळ कुणीच बघत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. त्यांतले बरेच जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. जुन्या इमारतीतल्या छोट्या हॉटेलात धोका तसाच आहे : एकच जिना, तोही लाकडी, आणि खिडकीला पक्की जाळी. म्हणून खोलीत शिरण्याआधी जिन्यापर्यंतची दारं मोजा. धुरात डोळे उघडत नाहीत, हाताने भिंत चाचपत मोजलेली दारंच उपयोगी पडतात. जिन्यात सिलिंडर, गाद्या किंवा खुर्च्या रचलेल्या असतील तर कितीही गोड हॉटेल असो, घेऊ नका. खिडकीच्या जाळीला उघडणारं दार आहे का आणि त्याचं कुलूप कुणाकडे असतं ते विचारा. दुसरा जिना नसलेल्या जागेत तिसऱ्या मजल्याच्या वर राहू नये, हे आमचं ठाम मत.

शेवटी खाली उतरून समोरच्या पानवाल्याला विचारा : ‘इथे रात्री आवाज किती वाजेपर्यंत असतो?’ त्याच्याइतकं खरं उत्तर कुणी देत नाही.

पैसे आणि तारखा

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. म्हणजे ३,००० ची खोली ३,१५० ला पडते, ७,५०० ची ७,८७५ ला, पण ८,००० ची एकदम ९,४४० ला. अजून १२ टक्के लावणारा किंवा ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणारा भेटला तर पक्कं बिल मागा. बिल नसेल तर भांडण झाल्यावर तुम्ही तिथे राहिलात याचाच पुरावा उरत नाही.

तारखेची चूक फार महागात जाते. शनिवारी रात्री मजा करून दीडला पोहोचणार असाल तर बुकिंग शनिवारचंच हवं. घड्याळात रविवार लागला म्हणून रविवारचं केलंत तर दाराशी ऐकायला मिळतं की तुमची खोली आज दुपारी दोनपासून. दुसरी चूक : बुकिंग करून थेट पबला जाणं. संध्याकाळपर्यंत न आलेल्याची खोली छोटी हॉटेलं दुसऱ्याला देऊन टाकतात. दुपारीच चेक-इन करा, नोंद करा, बॅग ठेवा, मग बाहेर पडा. तेव्हा ओळखपत्राचा घोळ निघाला तरी हातात वेळ असतो, आणि रात्री रिसेप्शनपुढे उभं राहावं लागत नाही.

२४, २५ आणि ३१ डिसेंबरला सरकार बारना पहाटे पाचपर्यंत परवानगी देत आलं आहे. त्या रात्री दर दुप्पट-तिप्पट होतात आणि वर सांगितलेलं अंतर दुप्पट धरावं लागतं, कारण रस्ता पहाटेपर्यंत जागा असतो. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद, टॅक्सी मिळत नाही. २ ऑक्टोबरला आणि मतदानाच्या दिवसांत दारूबंदी असते, तेव्हा बेत आखण्याआधी दिनदर्शिका बघा. महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. हॉटेलात खोली १८ ला मिळते, पण काही लॉज स्वतःच्या नियमाने २१ मागतात.

बाहेर पडताना

हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा किंवा पाटीचा फोटो काढा. परतीची वाट दिवसाउजेडी एकदा चालून बघा, कारण गल्ल्यांची जुनी आणि नवी नावं वेगळी आहेत आणि टॅक्सीवाल्याला जुनंच नाव कळतं. खोलीची किल्ली मोठ्या लाकडी ठोकळ्याची असेल तर ती रिसेप्शनला देऊन पावती किंवा नुसता खोली क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घ्या, किल्ली पबमध्ये हरवली तर कुलूप बदलायचे पैसे तुमच्या माथी. रात्रपाळीच्या माणसाला नाव विचारा, ‘दीडच्या सुमारास येतो’ सांगा आणि त्याचा मोबाइल नंबर घ्या. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि काही खायचं आधीच खोलीत आणून ठेवा. छोट्या हॉटेलात त्या वेळी स्वयंपाकघर बंद असतं, आणि बाटल्या आणायला पुन्हा शटर उघडायला लावलं की वॉचमनची झोप दुसऱ्यांदा मोडते. आल्यावर जिन्यात बोलणं थांबवा, चप्पल हातात घ्या, लिफ्टची जाळी हाताने धरून हळू लावा.